समोरच्याचं म्हणणं आधी सांगा

'न्यायसूत्रं' हा तर्कशास्त्रावरचा प्राचीन भारतीय ग्रंथ. त्याच्या शेवटच्या अध्यायात वादात हरण्याचे बावीस प्रकार सांगितले आहेत. त्यांना 'निग्रहस्थानं' म्हणतात. आपलीच प्रतिज्ञा सोडून देणं, विषय टाकून भलतंच बोलणं, तेच ते पुन्हा सांगत राहणं, उत्तर न सुचणं, अशी ती यादी आहे. त्यातला एक प्रकार मी गेली अनेक वर्षं मनाशी धरून आहे. त्याचं नाव 'अननुभाषण'. प्रतिपक्षाने आपलं म्हणणं तीनदा मांडलं, जमलेल्या सभेला ते कळलं, आणि तरीही तुम्हाला ते परत उच्चारून दाखवता आलं नाही, तर तुम्ही हरलात. तुमचा मुद्दा बरोबर होता की चूक, हे तपासायची वेळच येत नाही.

दीड हजार वर्षांहून जुना हा नियम आजच्या कुठल्याही सार्वजनिक चर्चेला लावून पाहा. दोन्ही बाजूंचे बहुतेक लोक पहिल्या पाच मिनिटांत बाद होतील, आणि त्यात पदवीधरांची संख्या कमी नसेल. मला या लेखात बोलायचं आहे ते या शेवटच्या गोष्टीबद्दल. उच्च शिक्षण घेतलेल्या माणसाला विरोधकाचं म्हणणं नीट सांगता येत नसेल, तर त्याच्या शिक्षणातला एक मोठा भाग राहून गेला आहे, आणि त्याची किंमत लोकशाही मोजते.

आधी शब्दाबद्दल थोडं. मराठीत 'वाद' भांडणाच्या अर्थाने रुळला. वाद नको, वाद मिटला, वादात सापडला, वादग्रस्त. न्यायदर्शनात मात्र प्रमाण आणि तर्क हाताशी घेऊन, तत्त्व समजून घ्यायच्या इच्छेने दोन पक्षांनी केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी लबाडीनेही जी केली जाते ती 'जल्प'. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याची पाडायची ती 'वितंडा'. यातला वितंडा आपण दूषण म्हणून जपला, जल्प विसरलो, आणि वाद भांडणाच्या हवाली केला. उरला 'संवाद', पण त्यात सूर जुळण्याची अपेक्षा आधीच दडलेली असते. सूर न जुळताही जे चांगलं बोलणं होऊ शकतं, त्यासाठी रोजच्या भाषेत आपल्याकडे शब्द नाही. म्हणूनच सभ्य चर्चा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हलका आवाज, 'आपला आदर राखून सांगतो' अशी सुरुवात आणि अप्रिय विषय टाळण्याचं शहाणपण एवढंच येतं.

न्यायशास्त्राने आवाजाच्या पट्टीवर भर दिला नाही. त्याने लबाडीची वर्गवारी केली. 'नवकंबल' हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. 'नव' म्हणजे नवा आणि 'नव' म्हणजे नऊ. एक जण म्हणतो, या मुलाचं कांबळं नवं आहे. दुसरा लगेच म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय! याला वाक्छल म्हणतात. बोलणाऱ्याचा अर्थ ठाऊक असूनही शब्दाला दुसऱ्या अर्थाने पकडायचं. तासाभराच्या भाषणातलं एक वाक्य कापून त्यावर आठवडाभर गदारोळ करणारे आज हेच करतात. निग्रहस्थानांतच 'मतानुज्ञा' नावाचा आणखी एक प्रकार आहे. तुमच्यावर दोषाचा आरोप झाला, तुम्ही त्याचं निरसन केलं नाही आणि म्हणालात, 'तुमच्या पक्षातही तोच दोष आहे.' असं म्हणताच आपला दोष तुम्ही मान्य केलात आणि हरलात. 'तेव्हा तुम्ही कुठे होता?' हा प्रश्न राजकीय चर्चेत आज ब्रह्मास्त्रासारखा वापरला जातो. शास्त्राच्या हिशोबात ती शरणागती आहे.

हे सगळं शिकवायचं कुठे? घरात नात्यांचा भार असतो. तिथे मत बदललं तर कुणाचा तरी विजय होतो आणि ते वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. पक्षात निष्ठा लागते. न्यायालयात युक्तिवादाची शिस्त मोठी असते, पण वकिलाला खटल्याच्या मध्यावर 'समोरच्याचं पटलं' असं म्हणता येत नाही. माणसाच्या आयुष्यात अशी मोजकीच वर्षं येतात जेव्हा मत बदलण्याने नोकरी जात नाही, नातं तुटत नाही, मतदार पळत नाहीत. ती बहुधा विद्यापीठातली वर्षं असतात. शिवाय वेगवेगळ्या घरांतून, वर्गांतून, श्रद्धांतून आलेली तरुण माणसं रोज एका खोलीत बसतात, असं ठिकाण समाजात फारसं दुसरं नाही.

विद्यापीठांनी हे काम एकेकाळी मनावर घेतलं होतं. तेराव्या शतकातल्या पॅरिस विद्यापीठात वर्षातून दोनदा, नाताळाआधीच्या आणि ईस्टरआधीच्या पर्वात, खुला वाद होई. सभेतल्या कुणीही कुठलाही प्रश्न विचारावा आणि आचार्यांनी त्याला उत्तर द्यावं. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञांची मांडणी याच वातावरणात घडली. त्यांच्या मुख्य ग्रंथाचा कुठलाही परिच्छेद उघडा, सुरुवात विरोधी युक्तिवादांनी होते. त्यांचं स्वतःचं उत्तर मागून येतं आणि शेवटी त्या विरोधी युक्तिवादांना एकेक करून प्रत्युत्तर. आपल्या शास्त्रग्रंथांतही पूर्वपक्ष (विरोधकाचं म्हणणं) आधी आणि सिद्धान्त (आपला निर्णय) नंतर, हीच रीत आहे.

इथे एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. चार्वाकांचं तत्त्वज्ञान आपल्याला जे काही ठाऊक आहे ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून, म्हणजे पूर्वपक्ष म्हणून. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'ची सुरुवातच चार्वाकदर्शनाने केली. ती नसती तर आपलं ज्ञान आणखी तोकडं राहिलं असतं, त्याबद्दल कृतज्ञ असावं. पण आपलं म्हणणं तिथे नीट मांडलं गेलं का, हे सांगायला चार्वाक हजर नाहीत. पूर्वपक्ष कितीही प्रामाणिकपणे लिहिला तरी तो विरोधकाच्या गैरहजेरीत लिहिला, तर त्याची परीक्षा होत नाही. 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणायला समोर जिवंत माणूस लागतो. पुस्तकं आज कुठेही मिळतात, व्याख्यानं घरबसल्या ऐकता येतात. तरीही वर्गाची खोली लागते, ती माझ्या मते या एका कारणासाठी.

वर्गात मी हा नियम चालवून पाहत आलो आहे. आक्षेप घ्यायचा असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, आणि समोरचा 'हो' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये जवळजवळ हाच प्रयोग सुचवला होता. ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो अतिशय अवघड आहे, आणि नेमकं काय अवघड जातं ते पाहण्यासारखं आहे.

एकदा फाशीच्या शिक्षेवर चर्चा चालली होती. विरोधात असलेल्या विद्यार्थिनीने समोरच्या मुलाचं म्हणणं असं सांगितलं: 'तुला सूड हवा आहे.' तो म्हणाला, नाही. दुसऱ्यांदा ती म्हणाली, 'शिक्षेच्या भीतीने गुन्हे थांबतील असं तुला वाटतं.' तो म्हणाला, वाटतं, पण माझा मुद्दा तो नाही. तिसऱ्यांदाही जमलं नाही. वर्ग चुळबुळायला लागला. मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'ज्यांचं माणूस गेलं त्यांना असं वाटतं की शिक्षा सौम्य झाली, तर राज्याने आपल्या माणसाची किंमत कमी धरली. हे म्हणायचं आहे का?' तो म्हणाला, 'हो. हेच.'

तिचं मत बदललं नाही. पण भीतीने गुन्हे थांबत नाहीत, हा तिने तयार करून आणलेला युक्तिवाद त्या क्षणी निरुपयोगी झाला. तो समोरच्याच्या मुद्द्याला लागूच नव्हता. तिला नव्याने विचार करावा लागला: मग गेलेल्या माणसाची किंमत राज्याने आणखी कशी मान्य करावी? त्या तासाला त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही. पण वर्ग प्रथमच त्या प्रश्नापाशी पोचला. विरोधकाचं म्हणणं आपण सहसा त्याच्या सर्वांत दुबळ्या रूपात ओळखतो, कारण तेच रूप खोडायला सोपं असतं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये लिहिलं होतं की ज्याला फक्त आपली बाजू ठाऊक आहे त्याला आपली बाजूही फारशी ठाऊक नसते. त्या मुलीची चौथी खेप पाहताना मला ते डोळ्यांसमोर घडताना दिसलं.

आता आपल्या परीक्षा काय शिकवतात ते पाहा. 'साधकबाधक चर्चा करा' असा प्रश्न असतो. चार मुद्दे बाजूने, चार विरोधात, शेवटी 'दोन्ही बाजूंचा विचार करता' असं एक बेतलेलं वाक्य. आठही मुद्दे एकाच ठिकाणाहून पाठ केलेले. यातला एकही मुद्दा लिहिणाऱ्याला टोचत नाही, कारण त्याने कुठल्याच बाजूला पाय रोवलेला नसतो. वादविवाद स्पर्धा हा याच्या उलट टोकाचा प्रकार. तिथे पाय रोवायला शिकवतात, पण बक्षीस असतं ते न ढळण्याला. 'तुमचा हा मुद्दा मला मान्य आहे' म्हणणारा वक्ता स्पर्धेत खाली जातो. आपण जल्पाला चषक देतो.

शिक्षण वाढलं की समाज आपोआप विचारी होईल, या भाबड्या विश्वासाला मी कधीच सोडलं आहे. १० मे १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी झाली ती विद्यापीठाच्या समोरच्या चौकात, आणि तिचा पुढाकार विद्यार्थी संघटनेचा होता. त्या काळी जर्मनीतली विद्यापीठं जगात नावाजलेली होती. ज्ञानाची कमतरता नव्हती, प्राध्यापकांची नव्हती, ग्रंथालयांची तर नव्हतीच. ज्याचं मत आपल्याला असह्य होतं त्याच्यासोबत एका समाजात राहण्याची सवय मात्र पदवीबरोबर मिळत नाही. ती वेगळी लावावी लागते.

ती लावताना पहिली अडचण शिक्षकाचीच होते. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला चर्चेचं आमंत्रण देतो. नागसेन विचारतो, पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते, आणि कुणी रागावत नाही. राजे एक गोष्ट ठरवतात आणि जो विरोध करेल त्याला दंड करतात. मिलिंदाने पंडितांची रीत कबूल केली तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली. वर्गात शिक्षक राजा असतो. गुण त्याच्या हातात असतात, शिफारसपत्र त्याच्या हातात असतं. 'मोकळेपणाने बोला' असं नुसतं म्हटल्याने हा दंड नाहीसा होत नाही. विद्यार्थी शिक्षकाचं मत चटकन ओळखतात आणि उत्तरपत्रिकेत तेच परत करतात. मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे, आणि माझ्याच मताच्या नकला वाचताना वाईट वाटलं आहे. यावर मला सापडलेला उपाय एकच: चुकीचं निघालेलं आपलं विधान वर्गासमोर, कारणासह, मागे घ्यायचं. शिक्षकाने असं केलेलं विद्यार्थ्यांनी निदान एकदा तरी पाहिलेलं असायला हवं. अर्थात ज्या शिक्षकाची नेमणूक दर वर्षी नव्याने होते आणि ज्याचं वर्गातलं एक वाक्य कुणीतरी चित्रित करून बाहेर नेऊ शकतं, त्याच्याकडून ही हिंमत मागणं अन्यायाचं आहे. नोकरीची शाश्वती हाही चर्चेच्या संस्कृतीचाच भाग आहे, आणि तो पैशांचा प्रश्न म्हणून बाजूला सारला जातो.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो. सभ्यतेची मागणी नेहमी वरून खाली येते, असं अनेक जण म्हणतात. ज्याच्या अंगावर अन्याय झाला त्याला सांगितलं जातं, 'मुद्दा बरोबर असेल, पण बोलण्याची पद्धत बरी नाही.' हा आक्षेप खरा आहे आणि इतिहासाने तो पुन्हा पुन्हा खरा केला आहे.

जेम्स लॉसन या काळ्या अमेरिकी कार्यकर्त्यांची गोष्ट घ्या. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं काम करताना त्यांनी सत्याग्रहाचा अभ्यास केला आणि अमेरिकेला परतल्यावर नॅशव्हिल शहरात ते विद्यार्थ्यांची शिबिरं घेऊ लागले. त्या शिबिरांत अर्धे विद्यार्थी हल्लेखोर होत. शिव्या देत, खुर्चीवरून ओढत. उरलेले अर्धे हात न उचलता बसून राहायचा सराव करत. फेब्रुवारी १९६० मध्ये हे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी लेखी नियम होते: मारलं तरी उलट मारू नका, सौजन्य सोडू नका, ताठ बसा. सार्वजनिक वागणुकीची याहून कडक शाळा माझ्या माहितीत नाही. आणि ती चालवणाऱ्या लॉसन यांना त्याच मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं. ते तिथे धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते. विद्यापीठाच्या दृष्टीने ते सुव्यवस्था बिघडवत होते.

पुढे १९ एप्रिलला चळवळीच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक शांतपणे चालत महापौरांकडे गेले. पायऱ्यांवर डायेन नॅश या फिस्क विद्यापीठातल्या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारलं: केवळ वंश किंवा रंग पाहून माणसाला वेगळं वागवणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का? वेस्ट यांनी सगळ्यांसमोर मान्य केलं की ते चूक आहे. तीन आठवड्यांनी, १० मे १९६० रोजी, त्या उपाहारगृहांनी काळ्या ग्राहकांना वाढायला सुरुवात केली. बर्लिनच्या होळीचीच तारीख, सत्तावीस वर्षांनंतरची, आणि दोन्हीकडे विद्यार्थीच.

या प्रसंगावरून माझं मत असं झालं आहे: सभ्यता माझ्यावर बंधन घालते ते समोरच्याचं म्हणणं न विपर्यासण्याचं आणि त्याच्या अंगाला हात न लावण्याचं. माझ्या प्रश्नाने त्याची झोप उडू नये, असं कुठलंही बंधन ती घालत नाही. नॅशचा प्रश्न महापौरांना अतिशय गैरसोयीचा होता. तो सभ्य होता कारण त्याला उत्तर देण्याची जागा तिने मोकळी ठेवली होती, आणि महापौरांना त्या जागेतून माणूस म्हणून बाहेर येता आलं. व्हँडरबिल्टने गैरसोयीला असभ्यता समजण्याची चूक केली. २००६ मध्ये त्याच विद्यापीठाने लॉसन यांना अध्यापनासाठी परत बोलावलं. मध्ये सेहेचाळीस वर्षं गेली. विद्यापीठांचे प्रशासक 'वातावरण बिघडेल' म्हणून एखादा कार्यक्रम रद्द करतात तेव्हा मला हा आकडा आठवतो.

मग प्रत्येक मताला व्यासपीठ द्यायचं का? नाही. वादाच्या व्याख्येत पहिला शब्द प्रमाण हा आहे. जो पुरावा पाहायलाच तयार नाही त्याने वादातून स्वतःचं नाव काढून घेतलेलं असतं. त्याच्यासाठी निम्मा वेळ राखून ठेवण्याची गरज नाही. पण पुराव्याने न सुटणारे, मूल्यांचे प्रश्न पुष्कळ असतात. त्यांवर विद्यापीठाने संस्था म्हणून स्वतः भूमिका घेण्यापेक्षा भूमिका घेणाऱ्यांना जागा द्यावी, हे मला पटतं. शिकागो विद्यापीठाच्या समितीने १९६७ मध्ये हेच सांगितलं होतं: टीकाकारांचं घर व्हा, स्वतः टीकाकार होऊ नका.

लोकशाहीचा आणि याचा संबंध किती जवळचा आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात दिसतं. कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते. लोकशाही हा केवळ शासनाचा प्रकार नाही, ती सहजीवनाची, अनुभव एकमेकांपर्यंत पोचवण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार त्यांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्थेवरच्या आपल्या मांडणीत वापरला. वर्गात ऐकलेला विचार त्यांनी सर्वांत कठीण प्रश्नाला लावला. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या समारोपाच्या भाषणात त्यांनी बंडखोरांचे आभार मानले. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू अशी नावं घेऊन. सगळ्यांनी पक्षशिस्त पाळली असती तर सभेचं कामकाज निरस झालं असतं, असं ते म्हणाले. यांच्या सूचना मी स्वीकारू शकलो नाही, पण त्यामुळे त्यांचं मोल कमी होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. जिंकलेल्या माणसाने हरलेल्या दुरुस्त्यांबद्दल हे म्हटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अशी माणसं घडवायला विद्यापीठाला फार मोठ्या योजना लागत नाहीत. स्वीडनमध्ये पीएच.डी.चा प्रबंध काही आठवडे आधी सर्वांसाठी उपलब्ध करून दिला जातो आणि त्याचा बचाव खुल्या सभेत होतो. कुणीही येऊन बसू शकतं. तिथे बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाचं पदनामच 'विरोधक' असं आहे. पुष्कळ ठिकाणी तो आपले आक्षेप लगेच मांडत नाही. आधी उभा राहून सभेला तो प्रबंध आपल्या शब्दांत समजावून सांगतो. मग उमेदवाराकडे वळून विचारतो, मी तुमचं म्हणणं बरोबर मांडलं का? उमेदवार काही दुरुस्ती असेल तर करतो, नाहीतर मान हलवतो. त्यानंतर विरोध सुरू होतो.